तोंडातल्या टाचण्या

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. लहानपणापासून मी एकच वाक्य ऐकत आले: "ही काही बापावर गेली नाही." काकू म्हणायची, शेजारीण म्हणायची, शाळेतल्या बाई तर प्रगतिपुस्तक हातात देतानाच म्हणायच्या. आमच्या दुकानात काज-बटणं करणारा बटणमामासुद्धा म्हणायचा, आणि त्याला तर हे बोलायचा काडीचा अधिकार नव्हता. सुईत दोरा ओवला गेला नाही तरी तो सुईच्या खानदानाचा उद्धार करायचा.

पण म्हणणारे खोटं बोलत नव्हते. माझे बाबा होतेच तसे. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. घरात नाही, दुकानात नाही, रस्त्यावर कोणी पायावर पाय देऊन गेला तरी नाही.

बाबा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी खाली दुकान आणि वर आम्ही. अजूनही डोळे मिटले की पहिल्यांदा ते लांबलचक लाकडी टेबल दिसतं. कापड सरकवून सरकवून त्याच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या, की मी गाल घासून बघायची. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असायचा आणि त्या ढिगात माझं राज्य होतं. कोटाच्या कापडाचे तुकडे एका बाजूला, अस्तराचे दुसऱ्या. अस्तराचे तुकडे गार लागायचे, म्हणून उन्हाळ्यात मी त्यांच्यावर झोपायची. वर बाबांच्या कात्रीचा आवाज चालू असायचा. मोठी, जड कात्री होती ती. तिचा आवाज कचकच असा यायचा नाही, सावकाश, एका दमात लांबवर जायचा. त्या आवाजात मला जितकी गाढ झोप लागली, तितकी नंतर कुठल्याही गादीवर लागली नाही.

कोपऱ्यात गरम इस्त्री, ओल्या फडक्यातून निघणारी वाफ, खडूचा बारीक धुरळा, आणि समोर तो उभा आरसा. आरशासमोर एक बुटका ओटा होता. गिऱ्हाईक त्यावर उभं राहिलं की आपोआप पोट आत घ्यायचं, आणि बाबा शांतपणे वाट बघायचे. श्वास कधीतरी सोडावाच लागतो. सोडला की मगच ते टेप लावायचे.

गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि ओठांत टाचण्या. बाबांचा चेहरा मला आठवतो तो टाचण्यांसकटच. बोलायचं झालं तर "हं" किंवा "अं-हं". त्या दोन आवाजांत त्यांचं सगळं भागायचं. "अं-हं"चे तर कितीतरी प्रकार होते, आणि आम्हा भावंडांना ते सगळे कळायचे.

एकदा एक वकीलसाहेब तणतणत आले. वर्षभरापूर्वी शिवलेला कोट त्यांना होईना. दोष अर्थात शिंप्याचा.

"मास्तर, हा कोट आटला!"

बाबांनी बरणीतून टाचण्या घेऊन ओठांत धरल्या आणि साहेबांना ओट्यावर चढवलं.

"मी तुम्हाला चांगलं कापड दिलं होतं. तुम्ही बदललं असणार. मला काय खुळा समजता? कोर्टात खेचीन!"

"हं," बाबा म्हणाले.

"हं काय हं? लाज नाही वाटत?"

मी टेबलाखाली होते आणि साहेबांची पोटरी माझ्या दातांपासून फार लांब नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. बाबा मात्र कोटाची मागची शिवण बोटांनी चाचपत होते. शिवणीत त्यांनी आधीच जास्तीचं कापड सोडून ठेवलं होतं. वकील मंडळी कोर्टात बसून फुगतात, हा त्यांचा अनुभव. सगळ्या खुणा करून झाल्यावर साहेब जरा ओशाळले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

बाबांनी मान हलवली. साहेब निघून गेले, तरी टाचण्या तोंडातच होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी त्या एकेक करून परत बरणीत टाकल्या.

आठवड्यातून एकदा आम्ही सगळे प्रार्थनागृहात जायचो. बाबांनीच शिवलेले कपडे घालून, आई पुढे, आम्ही मधे, बाबा शेवटी. तिथले प्रवचनकार भला माणूस. आवाज गोड, दाखले गल्लीतले. एकदा ते गुणांवर बोलत होते. गुण म्हणजे काय, तो माणसात येतो कुठून, वगैरे. बोलता बोलता म्हणाले, "काही माणसांना देव शांत घडवूनच पाठवतो. आपले मास्तर बघा. त्यांना रागच येत नाही. हा गुण मागून मिळत नाही, कमावता येत नाही. ही देणगी असते."

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. बाबा बुटांकडे बघत बसले, कानापर्यंत लाल झाले. केवढा हा विनय, असं लोकांना वाटलं. मलाही वाटलं. पुढे प्रवचनकारांना तो दाखला इतका आवडला, की दर वर्षी कधी ना कधी मास्तर प्रवचनात यायचेच, आणि दर वेळी बाबांची मान खाली.

मला अभिमान वाटायचा, पण खरं सांगायचं तर देवाचा रागही यायचा. देणगीच वाटत होता, तर माझ्या वेळी माल संपला होता का? मी पोरांशी मारामारी करून घरी यायची, बाबा माझ्या फ्रॉकची फाटलेली बाही शिवत बसायचे आणि मी त्यांच्याकडे बघत मनात म्हणायची, यांना काय, यांना फुकटात मिळालंय.

असो. दिवस गेले. माझं लग्न झालं, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. बटणमामा गेला. तयार कपड्यांची दुकानं आली आणि दादाने खालच्या जागेत तेच सुरू केलं. बाबांचं टेबल तेवढं वर खिडकीपाशी नेऊन ठेवलं. मी दोन गल्ल्या पलीकडेच राहते, त्यामुळे माझं जाणं-येणं रोजचं.

मग बाबा विसरायला लागले. आधी वस्तू, मग रस्ते, मग नावं, आणि शेवटी आम्ही. दादाला ते कारागीर समजायचे, वहिनीला कोणाची तरी पाहुणी. आईलाही ओळखेनासे झाले. ती वाढायला आली की संकोचून म्हणायचे, "तुम्ही कशाला त्रास घेता?" आई म्हणायची, "असू दे हो, त्रास कसला." त्यानंतर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासायची, घासलेलीसुद्धा.

हातांची ओळख मात्र सुटली नव्हती. खिडकीपाशी बसून बाबा कापडाच्या तुकड्यावर खडूने रेघा ओढायचे, तोंडात टाचण्या धरून. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि हात जोडले. "अहो, गिळतील ना! आधी त्या टाचण्या काढा." बरोबरच होतं त्यांचं. दादाने आणि मी मिळून सगळं घर धुंडाळलं. बरणी काढली, खण उपसले, पडद्यांच्या काठात, जुन्या कोटाच्या कॉलरमागे अडकवलेल्यासुद्धा काढल्या. शिंप्याच्या घरात टाचण्या कुठे कुठे असतात, ते शिंप्याच्याच पोरांना ठाऊक. आम्ही एकही सोडली नाही.

बाबा शर्टाचा खिसा चाचपत राहिले. टेबलावरून हात फिरवत राहिले. आणि त्यानंतर शिव्या सुरू झाल्या.

साध्यासुध्या नव्हेत. ते शब्द मला माहीत होते, मी काही गंगेत धुतलेली नाही. पण बाबांना ते माहीत असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. वहिनीला, दादाला, अंघोळ घालायला येणाऱ्या माणसाला, कोणालाच सोडलं नाही. एकदा वाटी फेकली. आवाज गल्लीत ऐकू जायचा आणि खालच्या दुकानात गिऱ्हाईक वर छताकडे बघायचं. दादा खिडक्या लावून घ्यायला लागला.

प्रवचनकार भेटायला आले. तेही आता थकले होते, काठी टेकत जिना चढले. बाबांनी त्यांनाही दोन-चार ऐकवल्या. ते बिचारे हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस हं, मुली. बुद्धीचं झाकण निघालं, की आत जे असतं ते वर येतं. आपण तरी काय करणार?" मग घुटमळून म्हणाले, "आणि सध्या त्यांना प्रार्थनेला नका आणू. लहान मुलं असतात."

त्यांनी समजूत घालण्यासाठीच म्हटलं होतं. पण ते 'आत जे असतं ते' माझ्या डोक्यातून जाईना. हे आत होतं? मग इतकी वर्षं मी बाबा म्हणून कोणाला हाक मारत होते? टेबलाखाली कोणाच्या भरवशावर झोपत होते? साठी उलटलेली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवलेली बाई मी, आणि मला एखाद्या पोरीसारखं फसवल्यासारखं वाटलं. जुनी एकेक आठवण काढायची आणि ती खरी का खोटी, असा संशय घेत बसायचं, असं चाललं होतं माझं. बाबा समोर जिवंत असताना मी त्यांना गमावत होते, आणि ते आजारामुळे नव्हे, त्या एका वाक्यामुळे.

शेवटी एका दुपारी मी आईजवळ बोलले. ती जमिनीवर बसून जुन्या शर्टांची बटणं काढत होती. प्रवचनकार काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल.

"खरंच आहे ते," आई म्हणाली. "आत होतंच."

"म्हणजे?"

"म्हणजे होतं. तुझ्या बापाएवढा तापट माणूस मी पाहिला नाही. तू काहीच नाहीस."

आई बटणं काढत काढत बोलत होती.

"दुकान नवीन होतं. दादा माझ्या पोटात. एका गिऱ्हाइकाने काहीतरी खुसपट काढलं आणि ते गेल्यावर यांनी हातातली कात्री भिरकावली. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलंच नाही. कानाजवळून गेली ती माझ्या. चौकटीत रुतली."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तिथेच खाली बसले. ते आले, कात्री उपसायला लागले, ती निघेना. मग माझ्यासमोर बसले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून टाचण्या."

"टाचण्या?"

"अगं, तू शिंप्याची ना? कापड कापायला टाचण्या लागतात का?"

मी आठवून बघितलं. नाहीत लागत. फिटिंगला लागतात, कापताना खडू आणि कात्री पुरते. हिशेब सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना लागत नाहीत. दादा नापास झाला त्या संध्याकाळी जेवणाआधी बाबा खुर्चीवर बसले होते, तेव्हा तर नक्कीच लागत नव्हत्या. आणि तरी त्या सगळ्या वेळी त्या त्यांच्या ओठांत होत्या. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं ते, आणि मी त्याला शिंपीकाम समजत होते.

"बोलायला गेलं की टोचायच्या," आई म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा उशीला रक्ताचे ठिपके असायचे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे पुढे ठिपके बंद झाले."

"आणि आम्ही त्याच काढून घेतल्या."

"तुम्हाला काय माहीत. माझ्याही उशिरा लक्षात आलं. आणि डॉक्टर चुकीचे नाहीत, गिळल्याच असत्या त्यांनी. मी टेपचं टोक देऊन बघितलं, दोऱ्याला बांधून बटण देऊन बघितलं. थुंकून टाकतात." तिने एक बटण डब्यात टाकलं. "टोचत नाही ना ते."

मला ते विचारावंच लागलं. "मग आई, तो शांतपणा खोटाच होता का?"

आता मात्र आई भडकली. "खोटा? ठाणातलं कापड खरं आणि अंगावरचा कोट खोटा, असं म्हणतं का कोणी? रोज उठून शिवलाय त्यांनी तो. आत काय होतं ते मला विचारा, त्या प्रवचनकाराला काय विचारता! मी ज्या माणसाशी संसार केला, तो त्यांनी स्वतः घडवलेला होता. तोच खरा. हा ओरडतोय ना, तो तर मला लग्नात आयता मिळाला होता."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. गेले होते तर मी बापावरच गेले होते. नुसतं नाक त्यांचं आलं होतं, पुढचं काम करायचं राहिलं होतं.

आईने बटणांचा डबा बंद केला. "येत्या प्रार्थनेला त्यांना न्यायचं," ती म्हणाली.

दादाने हात टेकले. "आई, सगळ्यांसमोर तमाशा होईल. लोक त्यांची हीच आठवण ठेवतील. ती तुला चालेल?" त्याचंही चूक नव्हतं, त्याला बापाची अब्रू वाचवायची होती. आई म्हणाली, "ते आयुष्यभर गेले, आता मी त्यांना घरात कोंडणार नाही. तुला लाज वाटत असेल तर तू येऊ नकोस." मग काय, तोही आला.

आम्ही सगळ्यांत मागे बसलो. बाबांच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. बाबांना जुना राखाडी कोट घातला होता, त्यांच्याच हातचा. प्रवचनकारांनी आम्हाला पाहिलं, जरा चपापले, आणि मग मानेनेच नमस्कार केला. सुरुवात बरी झाली. लोकांनी म्हटलेलं बाबाही पुटपुटत होते. आजारातही ते शब्द टिकले होते.

मग मूक प्रार्थना आली. सगळीकडे शांत. पुढे कोणीतरी खुर्ची सरकवली, फरशीवर ती करकरली, आणि बाबा उसळले. घरात जे ऐकायचो ते सगळं त्या शांततेत मोठ्या आवाजात निघालं. एका बाईने पोराचे कान झाकले. माना वळल्या, पूर्वी वळायच्या तशाच सगळ्याच्या सगळ्या. दादा उठून त्यांचा दंड धरायला गेला तर त्यालाही झिडकारलं. माझे डोळे इतके पेटले असतील, की वळून बघणाऱ्या दोघा-तिघांनी तोंडं फिरवली. प्रवचनकार हातातलं पुस्तक मिटून उभे होते.

आणि बाबा थांबले.

त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं, पण चेहरे त्यांना वाचता येत होते. जन्मभर गिऱ्हाइकांचेच चेहरे वाचले त्यांनी. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्याकडून बिघडलंय, एवढं त्यांना कळलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. मला ओळखलं नव्हतं. दुकानात आलेल्या कोणा बाईशी बोलावं तसं, अदबीने म्हणाले,

"बाई, माझ्या तोंडून काही गेलं का?"

मी त्यांच्या कोटाची बाही सारखी केली.

"गेलं असणार," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका. स्वभाव वाईट आहे माझा, लहानपणापासूनच. प्रयत्न करतोय मी. पण अजून जमत नाही."

इतकं शांत होतं की शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. जन्मात त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. बुद्धीचं झाकण निघालं होतं, आत होतं ते वर येत होतं, आणि त्यात हेही होतं. प्रवचनकार हळूच आपल्या खुर्चीवर बसले.

मी बाबांचा हात धरला. "जमलंय मास्तर तुम्हाला," मी म्हणाले. "केव्हाच जमलंय."

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. कपडे लवकर मिळावेत म्हणून गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय होती.

"तुम्हाला काय माहीत?" ते म्हणाले. "माझ्या बायकोला विचारा. तिला माहीत आहे."

आई त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसलेली. तिने पदराने तोंड पुसलं, उठली, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं नीट सावरून म्हणाली, "विचारलं मी त्यांना. जमलंय म्हणाल्या."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ओळखलं का, ते सांगता येणार नाही मला.

"ती म्हणत असेल तर असेल," ते म्हणाले, आणि खाली बसले.